चिमणीची तिजोरी

४ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि ही वही. टॅक्सीवाल्याने आधी भलत्याच गल्लीत नेलं, मग मीच त्याला रस्ता दाखवला, आणि भाडं देताना तो मलाच म्हणाला की बाई, तुम्ही इथल्याच दिसता. मी कुठेही गेले तरी इथलीच दिसते. आवाजामुळे असेल.

संस्थेचं ऑफिस वरच्या मजल्यावर आहे, त्यामागची छोटी खोली मला राहायला. पाटी मुद्दामच नाही. खाली शिंपी बसतो, आणि कुणी विचारलं तर तोंडातल्या टाचण्या न काढता सांगतो की वर कुणी नसतं. घरी मार खाऊन निघालेल्या बायकांना ही संस्था लपवते. नवा पत्ता, मुलांना नवी शाळा, कधी नवं नावही. ही सगळी माहिती कॉम्प्युटरवर आहे आणि ती कुलूपबंद करायला मला बोलावलंय. चालवणाऱ्या मोठ्या बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. अजूनही अशा बघतात की आपणहून बाकावर उभं राहावंसं वाटतं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं नाव कुलूपबाई ठेवून टाकलं. दार उघडायला, चहाला आणि सगळ्यांची उणीदुणी काढायला मावशी आहेत.

माझी खुर्ची बसताना कण्हते, उठताना कण्हते, जागची मात्र हलत नाही. मी तिचं नाव सासूबाई ठेवलंय. हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहून ठेवते.

जिन्याच्या वर, दाराबाहेर, एक हिरवं बाकडं आहे. चपलेचा पट्टा सोडायला टेकले तर गरम लागलं. उन्हाने तापलं असेल. मावशी मात्र ओरडल्याच की तिथे बसत नाहीत. मी म्हटलं, बाकडं बसायलाच असतं ना? त्यांनी कप पुढे केला. चहा छान करतात.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाकड्याचं कळलं. मावशींनीच शेवटी सांगितलं.

एक बाई मुलीला घेऊन इथे आली होती. तिचा नवरा माग काढत पोचला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. रोज येऊन बाकड्यावर बसायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचा, पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचा. मावशींना गोडीत म्हणायचा की भांडायला नाही आलोय, दोघींना घेऊन जायला आलोय. माझ्याआधीचा ऑपरेटर पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवायचा. एके दिवशी सगळे जेवायला बसले असताना या सभ्य माणसाने कीबोर्ड उचलला.

त्याने बायकोला गाठलं आणि मारून टाकलं. त्याच दिवशी स्वतःलाही संपवलं. मुलगी शाळेत होती म्हणून वाचली.

ती आता दुसऱ्या नावाने दुसऱ्या घरी आहे. फाईलवर तिचं नाव फक्त चिमणी असं आहे. ज्या कार्यकर्तीने तिला पोचवलं ती परदेशी गेली. मोठ्या बाईंनी पत्ता मुद्दाम वाचलेला नाही. तो आहे फक्त फाईलमध्ये. पुसून टाकायचा म्हटलं तर उद्या पोरीला काही झालं तर तिच्यापर्यंत पोचणार कोण? म्हणजे ती फाईल राहिली पाहिजे, आणि कुणाला दिसता कामा नये.

त्या ऑपरेटरला दोन कानफटात द्याव्याशा वाटतात. कीबोर्डखाली म्हणे! कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच कुलपाला लटकवायची.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिजोरी तयार झाली. मावशींनी विचारलं म्हणून त्यांना समजावलं: सगळ्या फाईल एका मोठ्या फाईलमध्ये घालून ती एन्क्रिप्ट केली. पासवर्ड दिला तर उघडणार. नाही दिला तर लॅपटॉप फोडा, डिस्क पळवा, हाती नुसती अक्षरांची खिचडी. मावशी म्हणाल्या, मग पासवर्ड विसरलीस तर? तर बसा बोंबलत, मी म्हटलं. म्हणून तर कधी विसरणार नाही असाच घेतलाय. लहानपणी आई मला स्वयंपाकघरातून जेवायला जी हाक मारायची, ते अख्खं वाक्य. आई गेली, घर गेलं, वाक्य माझ्याकडे राहिलं. आता ते रोज सकाळी टाइप करायचं. छान वाटतं.

मोठ्या बाईंचा नियम: तिजोरीतून काही बाहेर काढायचं तर त्या आणि मी, दोघी समोर हव्यात.

फाईल नीट आल्यात का तपासताना त्या गेलेल्या बाईचा जबाब लावून पाहिला. रेकॉर्डिंग आहे. थोडंसंच ऐकलं. शांत आवाज. म्हणते, घरी माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाही, अर्ध्यातच हात उठायचा. इथे सगळं पुरं बोलणार आहे. पुढे, कधी जमलं तर हे त्याला ऐकवा. मी बंद केलं. जेवणाच्या सुट्टीत हे लिहितेय, डबा न उघडताच.

११ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाई कोर्टाच्या कामाला बाहेरगावी गेल्या, पुढच्या सोमवारी येतील.

दुपारी जेवून आले तर लॅपटॉप सुरू होता आणि पासवर्डच्या चौकटीत ठिपके होते. म्हणजे कुणीतरी काहीतरी टाइप करून ठेवलेलं. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर दाबलं की ठिपक्यांमागची अक्षरं दिसतात. दाबलं.

चिमणी.

मावशींवर संशय घेतला आणि तसं तोंडावर म्हटलंही. त्या रडकुंडीला आल्या. त्यांना मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे काही येत नाही. मी माफी मागितली. टेबलावर पेपरमिंटच्या गोळीचा कागद पडला होता. जुना असेल. पण मी रोज टेबल पुसते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज चौकटीत: कुलूपबाई.

कुणीतरी थट्टा करतंय. माझ्याशी थट्टा महागात पडते, हे त्याला अजून कळायचंय. खोलीला कुलूप लावून जेवायला गेले होते आणि किल्ली माझ्या गळ्यात होती.

आणि एक गोष्ट आज लक्षात आली. जिन्यात खिडकीच नाही. बाकड्यावर ऊन येतं कुठून?

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज चौकटीत: सासूबाई.

बराच वेळ हसले. मग हसू गोठलं. खुर्चीचं ते नाव मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईशप्पथ, कुणालाच नाही. ते फक्त इथे लिहिलंय, या वहीत, जी त्याच टेबलाच्या खणात असते.

वहीची पानं हुंगून पाहिली. पेपरमिंट.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या ऑपरेटरला कानफटात देणारी मी. त्याने चिठ्ठी ठेवली, मी तर वहीच ठेवली. सात तारखेच्या पानावर काय लिहून बसलेय मी? आई. जेवायची हाक. अख्खं वाक्य. वाक्य लिहिलं नाही एवढंच नशीब.

म्हणजे हा माणूस वाचतो. मेला तरी वाचतो. एकीला नेलं आणि अजून दुसरीसाठी बसलाय.

लॅपटॉप उचलून पळावं? तो बाकड्यावरून उठून मागे येईल. आणि मी का पळू? मी पगार घेते इथे. ही पोर माझी कुणी नाही, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिच्या वाट्याला जाशील तर आधी माझ्याशी गाठ आहे.

वही आता उशाखाली ठेवते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

उशाखाली ठेवून उपयोग झाला नाही. सकाळी मोठ्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, काल किती वर्षांनी एवढ्या मायेने बोललीस गं!

मी काल तिला फोन केलेला नाही.

तिचं म्हणणं, दुपारी मी फोन केला, आईच्या आठवणी काढल्या, आणि आई जेवायला कशी हाक मारायची ते विचारलं. आवाज माझाच. खोकलासुद्धा माझाच. फक्त काहीतरी चघळत बोलत होते म्हणे. आणि ताईने सांगून टाकलं!

जमिनीवरच बसले. मग विचारलं, काय सांगितलंस? तिने वाक्य म्हणून दाखवलं. ते माझं नव्हतंच! आई तिला वेगळं बोलवायची, मला वेगळं. तिचं कसलं लाडाचं होतं आणि माझं कसलं तिखट! एवढ्या भीतीतही आधी रागच आला आईचा. मग रडू आलं. आईने दोन लेकींना दोन हाका ठेवल्या म्हणून आज ती पोर वाचली.

दुपारी चौकटीत ताईचं वाक्य होतं, जसंच्या तसं. चुकलास रे, म्हटलं मी मोठ्याने. खुर्ची कण्हली. मी उभी होते, खुर्चीत कुणी नव्हतं.

बाहेर जाऊन येते. कुठे ते लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

विशेष काही नाही. डोकं दुखतंय. मोठ्या बाई सोमवारीच येणार. तोवर तिजोरी इथेच, पासवर्ड तोच. बदलायचा तर दोघी हव्यात, नियम म्हणजे नियम.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आईची फार आठवण येते. तिची हाक राणीसाहेब या शब्दाने सुरू व्हायची. मी कसली राणी! जेवायला बोलावलं की झाडावर नाहीतर शेजारी. पुढचं उद्या लिहीन.

मावशींना सुट्टी देऊन त्यांच्या भाचीकडे पाठवलंय. जायला तयार नव्हत्या, म्हणाल्या मी नसताना तुला चहा कोण देणार. हाताला धरून खाली नेऊन सोडलं.

बाकड्याच्या पाठीला ओला डाग आहे. डोकं टेकल्यासारखा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाई आज येणार होत्या, काम लांबलं म्हणे. भर दुपार. मी समोर असताना.

बटणं आपोआप दबत होती. सावकाश, एकेक, एका बोटाने टाइप करणाऱ्यासारखी. राणीसाहेब. मग थांबली. वाट बघत. माझ्या मानेवर श्वास, थंड, गोड —

पळाले नाही. पाय म्हणत होते पळ. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

मनगटावर बोटं उमटलीत. लाल. पेन धरवत नाही नीट —

वाक्य हवंय ना? उद्या देते. उद्या. तोवर बस बाकड्यावर. बसायची सवय आहेच तुला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळ. ऊन आहे. दार उघडं ठेवलंय, तुझ्यासाठी. आता सरळ तुझ्याशीच बोलते, वाचतोयस तर नीट वाच.

शुक्रवारी मी खोटं लिहिलं. तुला काय वाटलं, वहीत फक्त खरंच लिहितात? गुरुवारी बाहेर जाऊन फोन केला आणि शुक्रवारी पहाटेच काम झालं, नियम पाळूनच. चिमणीची फाईल आणि बाकी सगळ्या बायकांच्या फाईली दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या कुलपात. तो पासवर्ड टाकला जात होता तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कानात बोटं घालून. ज्याला वाक्य माहीत आहे त्याला जागा माहीत नाही. ज्याला जागा माहीत आहे त्याला वाक्य माहीत नाही. कोण ते लिहायला मी आता तेवढी बावळट राहिले नाही. आणि मला यातलं काहीच माहीत नाही. काढ माझ्या डोक्यातून काय काढायचं ते! माझ्या आवाजात सगळ्या गावाला फोन कर! तीन दिवस तुला इथे राणीसाहेबांच्या मागे बसवून ठेवलं, तेवढ्यात डिस्क पोचायची तिथे पोचली.

आता वाक्य. दिलेला शब्द पाळते मी. हे घे:

राणीसाहेब, येताय की ताट मांजराला घालू?

टाक.

खुर्ची कण्हली. टाकतोय. किती घाई. चुकला. पुन्हा टाकतोय —

उघडली तिजोरी.

आत एकच फाईल आहे, बघ. तुझ्यासाठी ठेवलीय, मोठ्या बाईंची परवानगी घेऊन. पोरीचा पत्ता नाही. तुझ्या बायकोचा जबाब. कधी जमलं तर त्याला ऐकवा, म्हणाली होती. आज जमलं.

लावला. स्पीकर जोडून आवाज पूर्ण वाढवला.

माझा हात धरलाय त्याने. डावा. लिहायचा उजवा आहे रे —

ती बोलतेय. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. सगळं. एकेक वाक्य पुरं करते, मग दुसरं. बंद करायला बटणं दाबतोय, धडाधड, दोन बटणं निखळून उडाली, ती थांबत नाही. स्पीकरची वायर मी पायाने धरलीय. दुखतंय. दुखू दे. मी भितेय, खूप भितेय, लिहून ठेवते — आणि तरी बंद करणार नाही. तुझ्या बापाला बोलव, बंद करणार नाही.

टेबल सरकलं. स्पीकर छातीशी धरलाय.

मुलीचं सांगतेय आता. पोर कशी जन्मली. तिचं नाव मी ठेवलं, म्हणते, त्याला विचारलं नाही —

हात सुटला. का सोडला?

रेकॉर्डिंग संपलं. स्क्रीनवरची पट्टी शेवटाला जाऊन थांबलीय. मी बघतेय, थांबलीय.

ती अजून बोलतेय.

स्पीकरमधून नाही. दारातून. बाकड्याच्या बाजूने. तोच शांत आवाज, म्हणते उरलेलं वाक्य आता तुझ्यासमोर पुरं करते — आणि पेपरमिंटचा वास मागे, मागे, माझ्या पाठीशी येतोय, तो लपतोय, माझ्यामागे लपतोय मेला! मी बाजूला होतेय. ये गं बाई, ये आत, दार उघडंच आहे, बोल तू, हा इथे आहे, हा —